वचनाहून अधिक

अमेरिकेतील मोटारधंद्याचा इतिहास सांगू लागले म्हणजे बहुधा हेन्री फोर्डपासून आरंभ होतो. परंतु त्या फोर्डच्या जन्माआधी अकरा वर्षे, १८५२ च्या फेब्रुवारीत, इंडियाना संस्थानातील साउथ बेंड या गावी, जिथे सेंट जोसेफ नदी दक्षिणेला मोठे वळण घेते तिथे, हेन्री आणि क्लेमेंट स्टुडबेकर या दोघा भावांनी अवघ्या ६८ डॉलरच्या भांडवलावर लोहाराचे दुकान मांडले होते. त्या भात्यापासून आणि ऐरणीपासून जे नाव निघाले ते पुढे ११४ वर्षे वाहनांवर मिरवले. ती वाहने आधी घोड्यांनी व खेचरांनी ओढली, मग काही काळ विजेवर चालली आणि शेवटी पेट्रोलवर धावली. एकोणिसाव्या शतकात त्या देशात खटारे आणि बग्ग्या बांधणारे शेकडो कारखाने होते, त्यांपैकी बहुतेक मोटार आल्यावर नामशेष झाले. हे एकच घराणे दोन्ही युगांत अव्वल दर्जाने वावरले. ज्या घराण्याने आपली सारी पत दिलेला शब्द पाळण्यावर उभी केली, त्याच्या हातून शेवटी हजारो माणसांना दिलेला शब्द कसा मोडला, हे समजून घ्यावे असे मला या इतिहासात फार वाटत आले आहे, आणि मोटारींच्या आकारांपेक्षा व वेगांपेक्षा माझे लक्ष त्याच प्रश्नाकडे अधिक राहणार आहे.

बाप जॉन क्लेमेंट हा स्वतः लोहार व गाडीकर होता. त्याचे पूर्वज १७३६ साली जर्मनीतील झोलिंगेनकडून पेनसिल्व्हेनियात आलेले. कुटुंब ‘डंकर’ या साध्या राहणीच्या आणि युद्धाला निषिद्ध मानणाऱ्या पंथाचे. पाच भावांपैकी दोघांनी दुकान काढले तेव्हा नालबंदी हेच मुख्य काम होते आणि पहिल्या वर्षात दोन-तीन खटाऱ्यांपलीकडे मजल गेली नव्हती. पण चाकाचा तुंबा, त्यात ठोकलेले आरे आणि वरची लोखंडी धाव ही तिन्ही निर्दोष असली पाहिजेत, हा त्यांचा कटाक्ष लवकरच पंचक्रोशीत माहीत झाला. पाच-सहा वर्षांतच सैन्याला लागणाऱ्या खटाऱ्यांचा मोठा पोटमक्ता त्यांच्याकडे चालून आला, आणि त्याच क्षणी वडील भाऊ हेन्रीच्या मनात द्वंद्व सुरू झाले. आपल्या हातची गाडी युद्धाचा सरंजाम वाहून नेणार, हे त्याच्या धर्मबुद्धीला सोसेना. १८५८ साली त्याने आपला हिस्सा विकला आणि तो शेतीकडे वळला. अमेरिकेतील एका थोर उद्योगाच्या संस्थापकाने केवळ विवेकाच्या टोचणीने, भरभराट दारात उभी असताना, धंद्यातून अंग काढून घ्यावे, ही गोष्ट इतिहासकार एका वाक्यात उरकतात. मला ती त्या घराण्याच्या स्वभावाची किल्ली वाटते.

हेन्रीचा हिस्सा विकत घेणारा तिसरा भाऊ जॉन मोहलर. हा १८५३ साली, एकोणीस-वीस वर्षांचा असताना, स्वतः बांधलेला खटारा तांड्याला देऊन, त्याच्या मोबदल्यात प्रवासाची सोय करून घेऊन कॅलिफोर्नियाला सोने शोधण्यासाठी निघाला. प्लेसरव्हिल या खाणवस्तीत तो पोचला तेव्हा त्याच्याजवळ ५० सेंट उरले होते. तिथे सोन्याऐवजी त्याने खाणकामगारांसाठी एकचाकी हातगाड्या बांधण्याचे काम पत्करले. पाच वर्षे माती वाहणाऱ्यांच्या त्या गाड्या दहा-दहा डॉलरला विकून ८,००० डॉलर गाठीला बांधले आणि तो साउथ बेंडला परतला. सोन्याच्या मागे धावलेले असंख्य लोक कफल्लक होऊन परतले, त्यांच्यात ही शिल्लक घेऊन आलेला ‘हातगाडीवाला जॉनी’ पुढे अर्धशतक या कारखान्याचा आधारस्तंभ झाला. दिलेल्या वचनाहून थोडे अधिकच द्यावे, हे त्याचे आयुष्यभराचे ब्रीद होते.

पुढचा उत्कर्ष थोडक्यात सांगण्यासारखा आहे. यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याने खटारे घेतले, पश्चिमेकडे जाणाऱ्या वसाहतकऱ्यांनी घेतले, शेतकऱ्यांनी तर घेतलेच. १८६८ मध्ये रीतसर कंपनी स्थापन झाली. १८७२ आणि १८७४ अशा दोन आगींत कारखान्याची राखरांगोळी होऊनही तो पुन्हा उभा राहिला, आणि जगातील सर्वांत मोठा वाहन-कारखाना म्हणून आपली ख्याती तो उघडपणे सांगू लागला. राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांच्या कारकिर्दीत व्हाइट हाउससाठी त्यांच्या बग्ग्या गेल्या. ज्या बग्गीत बसून अब्राहम लिंकन आपल्या अखेरच्या संध्याकाळी फोर्ड नाट्यगृहाकडे गेला, तीही या घराण्याने मिळवून जतन केली. आज ती साउथ बेंडच्या संग्रहालयात आहे.

मोटारीकडे वळण्याचा आग्रह धरला तो जॉनच्या जावयाने. फ्रेडरिक फिश हा पेशाने वकील. १९०२ मध्ये विजेवर चालणारी गाडी निघाली. १९०४ पासून ओहायोतील गारफर्ड कंपनीच्या चासीवर पेट्रोलच्या गाड्या बांधल्या जाऊ लागल्या. नंतर डेट्रॉइटच्या ई.एम.एफ. या कंपनीशी करारमदार होऊन शेवटी ती कंपनीच ताब्यात आली आणि १९११ साली नव्या भांडवलाचे ‘स्टुडबेकर कॉर्पोरेशन’ अस्तित्वात आले. म्हाताऱ्या जॉनला घोड्याच्या गाड्यांचा लोभ सुटत नव्हता. १९१७ साली तो वारला, पाचांतला शेवटचा. आणि १९२० मध्ये घोड्यांच्या वाहनांचे उत्पादन कायमचे थांबले.

तोवर पेढीची सूत्रे घराण्याबाहेर गेली होती. अल्बर्ट अर्स्किन हा हिशेबनिसाच्या कामातून वर आलेला, १९१५ पासून अध्यक्ष. साउथ बेंडला प्रचंड इमारती बांधल्या, चाचणीसाठी स्वतंत्र मैदान घेतले, पिअर्स-ॲरो ही श्रीमंती गाड्यांची कंपनी खरेदी केली, स्वतःच्या नावाची लहान मोटारही काढली. पण त्याच्या हातून एक अक्षम्य कृत्य घडले. १९२९ च्या मंदीनंतर, जेव्हा प्रत्येक सावध व्यापारी गंगाजळी सांभाळून होता, तेव्हा मंदी लवकरच सरेल या श्रद्धेने अर्स्किनने १९३० मध्ये नफ्याच्या कितीतरी पट लाभांश भागधारकांना वाटला, आणि पुढेही मुळातच हात घालून वाटत राहिला. भागधारक संतुष्ट राहिले आणि तिजोरी रिती झाली. मार्च १९३३ मध्ये कंपनी न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकांच्या स्वाधीन झाली, आणि जुलैच्या पहिल्या दिवशी अर्स्किनने आपल्या घरी स्वतःवर गोळी झाडून जीवनाचा अंत केला. त्याला लोभी म्हणवत नाही. इतरांना देण्याची त्याची हौस त्याच्या हिशेबबुद्धीवर मात करून गेली, आणि हा दोष पुढे वीस वर्षांनी त्याच कारखान्यात निराळ्या रूपाने पुन्हा प्रकट झाला.

त्या अवशेषांतून कंपनी उभी केली ती पॉल हॉफमन आणि हॅरल्ड व्हान्स या जोडीने. एक विक्रीतला, दुसरा कारखान्यातला. १९३५ पर्यंत कर्जाची तजवीज लावून त्यांनी पेढी मोकळी केली आणि १९३९ साली रेमंड लोवीच्या कार्यालयाने घडवलेली ‘चॅम्पियन’ ही हलकी, कमी पेट्रोल खाणारी गाडी बाजारात आणली. चाचणीच्या मैदानावर याच काळात हजारो पाइन वृक्ष अशा रीतीने लावण्यात आले की आकाशातून पाहणाऱ्याला कंपनीचे संपूर्ण नाव वाचता यावे. ती झाडी अजून एका सार्वजनिक उद्यानात उभी आहे. हॉफमनविषयी भारतीय वाचकाला एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. युद्धोत्तर युरोपला मदत पोचवणाऱ्या मार्शल योजनेचा हाच मुख्य प्रशासक, आणि नंतर फोर्ड फाउंडेशनचा अध्यक्ष. त्याच्याच अमदानीत पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून त्या संस्थेचे अमेरिकेबाहेरचे पहिले कार्यालय १९५२ साली दिल्लीत उघडले आणि आपल्या सामूहिक विकास योजनेला तिचे साहाय्य मिळू लागले. साउथ बेंडला मोटारी विकणाऱ्या माणसाचा हात असा आपल्या खेड्यांपर्यंत येऊन पोचला होता. गाडीही आली होतीच: बंगालमधील उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्समध्ये स्टुडबेकर जुळवली जात असे, त्याच सुमारास वालचंद हिराचंद यांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात डॉज, प्लिमथ आणि डिसोटो तयार होत होत्या; पन्नासच्या दशकातील मुंबईत लहानाचे मोठे झालेल्यांना ही सारी नावे रस्त्यावरच्या ओळखीची आहेत.

हॉफमन-व्हान्स यांच्या राजवटीचे खरे वैशिष्ट्य कामगारांशी असलेल्या संबंधात होते. डेट्रॉइटमध्ये मालक-मजुरांचे रक्तरंजित झगडे चालू असताना साउथ बेंडला संयुक्त मोटार-कामगार संघटनेची पाचव्या क्रमांकाची शाखा आणि व्यवस्थापन शेजाऱ्यांसारखे नांदत होते, आणि एकाच खात्यात शेजारी शेजारी काम करणाऱ्या बाप-लेकांच्या जोड्यांची छायाचित्रे कंपनी अभिमानाने जाहिरातींत छापत असे. त्या जाहिरातींत अतिशयोक्ती नव्हती. आजा, बाप आणि मुलगा अशा तीन पिढ्या एकाच दरवाजातून कामावर गेल्याची उदाहरणे त्या गावात होती. या सलोख्याची किंमत मात्र वाढत चालली. कामाचे दर सैल ठेवले गेले, मजुरी प्रतिस्पर्ध्यांहून चढी राहिली, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात ज्येष्ठतेने सरकण्याच्या वहिवाटीमुळे माणूस एका कामावर स्थिर होईना. माल खपत होता तोवर कोणाला त्याची फिकीर नव्हती.

आणि माल खपत होता. महायुद्धात या कारखान्याने सुमारे दोन लक्ष लष्करी मालमोटारी बांधल्या, त्यांतील बहुतांश रशियाला गेल्या. रशियन सैनिक ‘स्टुडबेकर’ हे नाव आपल्याच भाषेतले असल्यासारखे उच्चारू लागले, आणि ‘कात्यूशा’ अग्निबाणांचे प्रक्षेपक याच गाड्यांच्या पाठीवर बसवले गेले. बी-१७ बाँबफेकी विमानांची ६३,००० हून अधिक इंजिने इथेच तयार झाली. युद्ध संपताच इतर कंपन्या जुने साचे पुन्हा काढत असताना, १९४६ सालीच स्टुडबेकरने संपूर्ण नव्या घडणीची गाडी लोकांसमोर आणली. मागची काच इतकी विस्तृत की गाडी येते आहे की जाते आहे असा प्रश्न लोक हसत विचारीत. १९५० साली तोफगोळ्याच्या नाकाचे प्रसिद्ध रूप आले, आणि त्या एका हंगामात तीन लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. इतका खप या नावाला पुन्हा कधीच लाभला नाही.

त्या सुबत्तेच्या पाच वर्षांत काय करायला हवे होते, हे आज सांगणे सोपे आहे. पण तेव्हाही ते दिसण्यासारखे होते. कारखान्याच्या इमारती जुन्या आणि अनेक मजली, माल वर-खाली चढवण्या-उतरवण्यात वेळ आणि पैसा जाई. नवी यंत्रे, एकमजली नवा कारखाना, इंजिनांची नवी पिढी यांसाठी जी बेगमी व्हायला हवी होती ती पुरेशी झाली नाही. नफ्याचा मोठा भाग लाभांशात आणि उरलेला मजुरीत विरघळला. कोणालाही ‘नाही’ म्हणायचे नाही, हा त्या राजवटीचा गुण होता आणि तोच तिचा व्याधी झाला, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९५३ च्या मोटारीने हे सारे उघड केले. लोवीच्या कार्यालयात रॉबर्ट बर्क याने रेखाटलेली ती ठेंगणी, लांबसडक, दोन दारांची कूपे अमेरिकेत बांधल्या गेलेल्या सर्वांत सुंदर गाड्यांपैकी एक मानली जाते, आणि तिचे छायाचित्र पाहणाऱ्याला याचे आश्चर्य वाटणार नाही. पण व्यवस्थापनाने चार दारांची सेडान अधिक खपेल असा अंदाज बांधून तिचीच तयारी केली होती. ग्राहक कूपे मागू लागले. शिवाय प्रत्यक्ष जोडणीच्या वेळी कूपेचे पुढचे पत्रे चासीवर नीट बसेनात, गाड्या वेळेवर बाहेर पडेनात, आणि जेव्हा पडू लागल्या तेव्हा फोर्ड आणि शेव्हरले यांनी एकमेकांना हरवण्यासाठी भाव उतरवण्याची जी झुंज आरंभली होती, तिच्यात तिसरे आणि चौथे चिरडले जात होते. ऑगस्ट १९५४ मध्ये पाचव्या शाखेच्या कामगारांनी, आधी नकार दिल्यावर, पुन्हा मत घेऊन स्वतःच्या मजुरीत कपात मान्य केली. कारखाना वाचावा म्हणून मजुरांनी आपण होऊन मजुरी घटवून घेतली, हे त्या गावाच्या लौकिकात भर घालणारे आहे. त्याचा उपयोग झाला नाही.

त्याच वर्षी १ ऑक्टोबरला डेट्रॉइटच्या पॅकार्ड कंपनीने स्टुडबेकर विकत घेतली. पॅकार्ड म्हणजे एके काळी राजेरजवाड्यांची गाडी. तिच्या जेम्स नॅन्स या अध्यक्षाला वाटत होते की आपली प्रतिष्ठा आणि यांचा विक्रेत्यांचा विस्तार एकत्र आला म्हणजे चौथी मोठी कंपनी निर्माण होईल. व्यवहारापूर्वी साउथ बेंडच्या खतावण्यांची काटेकोर रुजुवात झाली नव्हती. ती झाली तेव्हा निघाले की वर्षाला सुमारे २,८२,००० गाड्या विकल्या तर कुठे नफा-तोटा समान होतो, आणि १९५४ सालचा प्रत्यक्ष खप लाखभरही नव्हता. बुडत्याने दुसऱ्या पोहणाऱ्याला मिठी मारावी तसे झाले: १९५६ मध्ये पॅकार्डचा डेट्रॉइटचा कारखाना बंद पडला आणि १९५८ नंतर ते नावही बाजारातून उठले.

मग हॅरल्ड चर्चिल या जुन्या अभियंत्याने जुन्याच सांगाड्याचे पुढचे-मागचे टोक छाटून ‘लार्क’ ही आटोपशीर गाडी काढली, आणि १९५९ साली ताळेबंदात भरघोस नफा दिसला. पण वर्षभरातच तिन्ही मोठ्या कंपन्यांनी आपापल्या लहान गाड्या आणून ती वाट अडवली. १९६१ मध्ये आलेला शेरवुड एग्बर्ट हा तरुण, उंच, उतावीळ अध्यक्ष लोवीला कॅलिफोर्नियातील पाम स्प्रिंग्जला भाड्याच्या घरात बसवून काही आठवड्यांत ‘अवांती’ची आकृती घडवून घेतो, काचतंतूंच्या सांध्यांतील दोषांनी ती गाडी ग्राहकांकडे वेळेवर पोचत नाही, आणि कर्करोगाने पोखरलेला एग्बर्ट १९६३ च्या नोव्हेंबरात पद सोडतो. अवांती आजही सुंदर दिसते.

९ डिसेंबर १९६३ रोजी घोषणा झाली: साउथ बेंडचे मोटार-उत्पादन बंद. २० डिसेंबरला, नाताळच्या पाच दिवस आधी, शेवटची गाडी पट्ट्यावरून उतरली. केनेडींच्या हत्येला महिनाही झालेला नव्हता, आणि १,३०,००० वस्तीच्या त्या शहरात सुमारे ७,००० माणसे एकदम बेकार झाली. त्यांच्यातील पुष्कळ पन्नाशी ओलांडलेली होती; त्या वयाच्या मजुराला दुसरीकडे दारात उभे करत नसत.

खरा आघात काही महिन्यांनी कळला. १९५० साली संघटनेशी झालेल्या करारान्वये कंपनीने निवृत्तिवेतनाची योजना सुरू केली होती. पुढच्या प्रत्येक वाटाघाटीत रोख मजुरी वाढवणे परवडत नसे, तेव्हा म्हातारपणीच्या वेतनाचा आकडा वाढवून समेट होई; कंपनीला तत्काळ खिशात हात घालावा लागत नसे आणि कामगारालाही उद्याची शाश्वती मिळाल्यासारखी वाटे. योजनेपूर्वीच्या नोकरीची वर्षेही हिशेबात धरली होती, आणि त्या मागच्या वर्षांसाठी लागणारी रक्कम तीस वर्षांच्या मुदतीत हप्त्याहप्त्याने भरायची होती. इथे कोणी अफरातफर केली नव्हती; करारात ठरलेला प्रत्येक हप्ता कंपनीने भरला होता. परंतु कारखानाच तीस वर्षांच्या आत बंद पडला तर काय, याचे उत्तर दस्तऐवजात होते आणि ते असे की निधीत जेवढे असेल तेवढेच मिळेल. आपल्याकडे १९५२ च्या कायद्याने आलेल्या भविष्यनिर्वाह निधीत मालकाचा आणि मजुराचा वाटा दरमहा मजुराच्या नावे जमा होतो, कारखाना बुडाला तरी ती शिल्लक त्याची. ज्यांनी गिरणगावातील गिरण्या बंद होताना थकलेल्या देण्यांसाठी वर्षानुवर्षे हेलपाटे घालणारी कुटुंबे पाहिली आहेत, त्यांना साध्या कायदेशीर तरतुदीचे मोल निराळे सांगायला नको.

निधीची वाटणी झाली ती अशी. जे आधीच निवृत्त झाले होते आणि जे साठ वर्षांचे होऊन पात्र ठरले होते, अशा सुमारे ३,६०० जणांना पूर्ण वेतनाची हमी मिळाली, आणि त्यातच निधीचा बहुतेक भाग संपला. चाळीस ते एकोणसाठ वयाचे, किमान दहा वर्षे नोकरी झालेले सुमारे ४,००० कामगार उरले. त्यांचे सरासरी वय बावन्न आणि सरासरी नोकरी तेवीस वर्षांची. त्यांच्या हक्काच्या रकमेतील डॉलरमागे केवळ १५ सेंट हाती आले, सरासरी सुमारे ६०० डॉलर, एकदाच, कायमचे. बाकीच्या २,९०० जणांना काहीही मिळाले नाही. तेवीस वर्षे एका पट्ट्याशी उभा राहिलेला माणूस, ज्याचा बाप कदाचित त्याच जाहिरातीत शेजारी उभा होता, त्याच्या पुढच्या सर्व आयुष्याचे मोल असे ठरले. जॉन मोहलरच्या ब्रीदाशी हा आकडा ताडून पाहताना मला नेहमी यातना होतात, कारण हे ब्रीद खोटे होते असे म्हणता येत नाही. शंभर वर्षे ते खरे होते.

मोटारी आणखी काही काळ निघत राहिल्या. कॅनडात ऑन्टारिओमधील हॅमिल्टनच्या लहान कारखान्यात, पुढे तर जनरल मोटर्सकडून घेतलेली इंजिने बसवून, मार्च १९६६ पर्यंत स्टुडबेकर बनली; साउथ बेंडचा लष्करी मालमोटारींचा विभाग कैसर कंपनीने घेतला आणि तिथल्या काही माणसांना काम उरले. कंपनी इतर धंद्यांत शिल्लक होती, भागधारकांची फार हानी झाली नाही.

संघटनेने मात्र ही गोष्ट विसरू दिली नाही. इंडियानाचे सिनेटर व्हान्स हार्टके यांनी बँकेतील ठेवींप्रमाणे निवृत्तिवेतनांनाही विम्याचे संरक्षण असावे असे विधेयक मांडले; न्यू यॉर्कचे जेकब जॅव्हिट्स यांनी त्याहून व्यापक कायद्याचा पाठपुरावा वर्षानुवर्षे केला, आणि प्रत्येक सुनावणीत साउथ बेंडचे नाव निघत राहिले. २ सप्टेंबर १९७४ रोजी, तिकडच्या कामगार दिनी, राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी त्या कायद्यावर सही केली. ठरावीक वर्षांच्या नोकरीनंतर हक्क अबाधित राहणे, निधी वेळच्या वेळी भरणे मालकांना बंधनकारक असणे, आणि कारखाना बुडाला तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत वेतन देणारे सरकारी विमा-महामंडळ, अशा तीन गोष्टी त्याने पदरात घातल्या. आज कोट्यवधी अमेरिकन कामगार त्या महामंडळाच्या छत्राखाली आहेत. कारखाना बंद पडला तेव्हा बावन्न वर्षांचा असलेला मजूर त्या दिवशी त्रेसष्टीकडे झुकला होता. कायद्याला पूर्वलक्षी प्रभाव नसल्यामुळे त्या चार हजारांच्या देण्यात त्याने एका सेंटाचीही भर घातली नाही.